मणक्याचं ऑपरेशन मी का लांबवलं

एमआरआयच्या रिपोर्टचा अर्थ एवढाच होता की कंबरेच्या अगदी खालची, एल-५ आणि एस-१ या मणक्यांमधली गादी (डिस्क) फुटून तिचा तुकडा बाहेर आलाय आणि डाव्या पायाच्या नसेवर दाबतोय. तोपर्यंत कुल्ल्यापासून करंगळीपर्यंत जाणाऱ्या त्या कळेला घरात सगळे ‘नस आखडली’ म्हणत होते. मला उभं राहता यायचं, बसता यायचं नाही. दहावीच्या पूर्वपरीक्षेचे पेपर मी स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवून उभ्यानं तपासले. शिंक येतेय असं वाटलं की आधी भिंत धरायची.

सांगलीतल्या डॉक्टरांनी थेट ऑपरेशनची तारीखच विचारली. सासूबाई म्हणाल्या, पाठीला सुरी लागली की माणूस उठत नाही, त्यापेक्षा हाडवैद्याकडे चल. दोघंही इतके ठाम की मला दोघांचीही धास्ती वाटली.

मग गाडीच्या मागच्या सीटवर आडवी पडून पुणं गाठलं. तिथल्या सर्जननी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि मला एका पायाच्या चवड्यावर उभं राहायला सांगितलं. मग टाचांवर चालवलं. घोट्यामागे हातोडी मारली, तर डावा पाय हललाच नाही. लघवीला त्रास होतो का, बसायच्या जागेला बधिरपणा आहे का, हेही विचारलं. ‘दुखणं वेगळं आणि ताकद जाणं वेगळं,’ ते म्हणाले. ताकद शाबूत होती, म्हणून थांबायला वाव होता. पाऊल लुळं पडायला लागलं तर लगेच यायचं. लघवी अडली किंवा त्या जागेची संवेदना गेली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं.

तुकडा मोठा आहे याची मला भीती होती. त्यांनी उलटंच सांगितलं. गादीतून सुटून बाहेर पडलेल्या तुकड्याला शरीर परका समजतं, पांढऱ्या पेशी त्याला हळूहळू खातात, आणि नुसत्या फुगलेल्या गादीपेक्षा असा तुकडा विरघळण्याची शक्यता जास्त असते.

२००७ साली नेदरलँड्समधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. तीव्र साईटिकाचे, म्हणजे नस दबून पायात अशी कळ जाणारे, २८३ रुग्ण, निम्म्यांचं ऑपरेशन लवकर, बाकीचे थांबलेले. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन करावंच लागलं. ज्यांचं लवकर झालं त्यांचं दुखणं लवकर गेलं, पण वर्षअखेरीस दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे होते. आमच्या घरात ह्यांनी ९५ धरून ठेवला आणि माझ्या भावानं ३९. मला त्यातून कळलं ते असं, की प्रश्न बरं होण्याचा नव्हताच, मधले महिने कसे काढायचे याचा होता. मला अर्धपगारी रजा मिळत होती, घरात माणसं होती. रोज मजुरीवर जाणाऱ्या बाईनं हाच हिशेब वेगळा मांडला असता आणि तो बरोबरच ठरला असता.

लोक याला ‘नैसर्गिकरीत्या बरं होणं’ म्हणतात तेव्हा मला हसू येतं. माझ्या निसर्गाला नसेच्या दुखण्यावरच्या प्रीगॅबालिनच्या गोळ्या लागल्या, ज्यांनी दुपारभर डोकं जड व्हायचं. मणक्यात एक स्टिरॉईडचं इंजेक्शन लागलं. हाडवैद्याकडे मी गेले नाही. त्यावरून घरात बराच अबोला झाला. अंथरुणात पडून राहायला डॉक्टरांनी मनाई केली होती, म्हणून अंगणातल्या अंगणात फेऱ्या. फिजिओथेरपिस्ट दर वेळी विचारायची, कळ कुठवर जाते? पोटरीतून ती मांडीत आली, तेव्हा कंबर उलट जास्त दुखायला लागली आणि मी घाबरले. ती मात्र खूश झाली. कळ पायातून वर सरकली की नस मोकळी होतेय असं समजायचं, म्हणाली.

आता मी बसून पेपर तपासते. करंगळी अजून थोडी बधिर आहे, आणि हातोडी मारल्यावर यायला हवी ती घोट्याची उडी काही परत आलेली नाही.

नंतर मावसभावाला हाच त्रास झाला, तेव्हा माझं उदाहरण देत तो थांबायचं म्हणत होता. बोलता बोलता कळलं, चालताना त्याची चप्पल पायातून निसटते आणि त्याला पत्ताच लागत नाही. मी त्याला त्याच दिवशी सर्जनकडे पाठवलं. त्याचं ऑपरेशन झालं.