ओढ्यावरचा बांध आणि आमची सोयरीक

(माजी विद्यार्थिनी, दहावी १९९३)

आमची सोयरीक जमली ती या शाळेमुळे. माहेरी, सासरी, नोकरीच्या ठिकाणी, जिथे कुणी विचारलं तिथे मी हेच सांगत आले. सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी आठवण लिहून द्या असा निरोप आला, तेव्हा सहल, स्नेहसंमेलन, खो-खोचे सामने यांपैकी काही लिहावं असं आधी वाटलं होतं. पण माझ्यापुरतं शाळेचं सर्वांत मोठं देणं ते नव्हे. माझी नि त्याची ओळख कॉलेजातली. ती ओळख मैत्रीवर आली मात्र याच इमारतीत, आणि साखरपुड्यापर्यंत पोचली ती याच शाळेतल्या एका सरांनी शब्द टाकला म्हणून. त्याचं नाव इथे लिहीत नाही. गावात बहुतेकांना ते ठाऊक आहे.

सरांपासूनच सुरुवात करते. आपल्याला भूगोल शिकवणारे आणि पुढे हेडमास्तर झालेले सर सगळ्यांना आठवत असतील. शाळेच्या पटांगणात तारेच्या कुंपणात त्यांनी पर्जन्यमापक बसवलं होतं. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला मोजपात्र घेऊन जायचं, आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. पाऊस पडला नाही तरी शून्य लिहायचं. शून्य ही पण नोंद असते, असं सर बजावायचे. नववीत ते काम माझ्याकडे होतं. जून-जुलैची पानंच्या पानं शून्यांनी भरायची आणि सप्टेंबरअखेरीस परतीचा पाऊस आला की दोन-चार दिवसांत वर्षाचा हिशेब बदलायचा. आपला खटाव तालुका पर्जन्यछायेत येतो. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, आणि त्याच सातारा जिल्ह्यात आपल्याकडे सरासरी पाचशेच्या आसपास. पुस्तकातलं हे वाक्य मला त्या वहीमुळे कळलं.

दहावीनंतर मी साताऱ्याला गेले. बारावी झाल्यावर छत्रपती शिवाजी कॉलेजात भूगोल घेऊन बी.ए.ला बसले. आपल्या रयत शिक्षण संस्थेचं हे कॉलेज १९४७ सालचं. 'कमवा आणि शिका' योजनेतली मुलं तिथे शेतात, बागेत काम करून शिकतात. तोही त्यांतलाच एक. पाटण तालुक्यातला, कोयनेच्या खोऱ्यातला. वडील लहानपणीच गेलेले, आई दुसऱ्यांच्या खाचरात लावणीला जायची. वर्गात तो मागच्या बाकावर बसायचा आणि फारसा बोलायचा नाही. पहिलं वर्षभर आमच्यात वह्यांच्या देवघेवीपलीकडे काही नव्हतं.

आम्ही दोघंही राष्ट्रीय सेवा योजनेत होतो. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ला सुरू झालेली ही योजना. तिचं हिवाळी शिबिर दुसऱ्या वर्षी कुठल्या गावात घ्यायचं याची चर्चा निघाली आणि मी आपल्या गावाचं नाव सुचवलं. आमचे कार्यक्रम अधिकारी येऊन ओढा पाहून गेले, सरांशी बोलले आणि ठरलं. डिसेंबर १९९६मध्ये आमचा सगळा कंपू पेट्या-वळकट्या घेऊन शाळेत उतरला. मुलींना दहावीचा वर्ग, मुलांना प्रार्थनेचा हॉल. ज्या वर्गात मी परीक्षेच्या धास्तीने रात्री जागले होते, तिथेच आता सतरंजी पसरून मैत्रिणींबरोबर झोपत होते. फार आनंद झाला होता मला.

काम होतं ओढ्यावर वनराई बंधारा बांधायचं. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. याला सिमेंट लागत नाही, लागतात ती सिमेंटची रिकामी पोती. ती माती-वाळूने भरायची, सुतळीने तोंडं शिवायची आणि ओढ्याला धार आहे तोवर आडवी रचायची. रचताना भिंतीच्या विटांसारखे सांधे मोडायचे, मधे मातीचा गिलावा द्यायचा. पाणी हळूहळू तुंबतं, जमिनीत मुरतं आणि काठच्या विहिरींना उतरतं. शाळूला एखादं पाणी जास्त मिळतं, जनावरांची सोय होते. पुढच्या पावसाळ्यात पुराबरोबर तो वाहून जातो, म्हणून दरवर्षी नव्याने बांधावा लागतो.

पहिल्या दिवशी आम्ही उत्साहात रचलेला थर त्याने दुपारी एकट्याने उतरवला. सांधे जुळून आले होते, तिथून पाणी फुटलं असतं. कुणाला बोलला नाही, कुणाचं चुकलं ते दाखवलं नाही, फक्त पुन्हा रचायला लागला. मी शेजारी उभी राहून पोती पुढे करू लागले. आमचं पहिलं खरं बोलणं तिथे झालं आणि ते पोत्याचं तोंड कसं शिवायचं यावर झालं.

संध्याकाळी त्याने ऑफिसात ती पावसाची वही पाहिली. सरांना विचारून कंदिलाच्या उजेडात पान न् पान वाचून काढली. माझ्या अक्षरातली पानं निघाली तेव्हा विचारलं, "ही शून्यं तुम्ही लिहिलीत?" मग त्याच्या गावचा पाऊस तो मला सांगत बसला. चार महिने उघडीप नाही, इरलं डोक्यावर, घरात चुलीवर कपडे वाळवायचे. त्याच्या आजोबांची भातखाचरं कोयना धरणाच्या शिवसागरात गेलेली, उरलेलं घर वर डोंगराच्या अंगाला सरकलेलं. त्या पाण्यातलं बरंचसं डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीच्या वीजघराकडे जातं आणि पुढे समुद्राला मिळतं. टँकर म्हणजे काय ते त्याने इथे आपल्याकडे पहिल्यांदा ऐकलं. कितीतरी वेळ तो गप्प होता.

शिबिरात ११ डिसेंबर आला. १९६७ साली याच तारखेला पहाटे कोयनेचा भूकंप झाला होता. बौद्धिकाला ठरलेले पाहुणे आले नाहीत, तेव्हा सरांनी त्यालाच बोलायला उभं केलं. वर्गात मागे बसणारा हा मुलगा आईने सांगितलेली ती पहाट सांगत होता आणि हॉलमध्ये गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट सगळे स्तब्ध होते. आपल्याकडेही तेव्हा भांडी पडली होती, असं माझी आई नंतर म्हणाली. त्या रात्री मला त्याच्याविषयी आदर वाटला. प्रेम वगैरे शब्द मनात आला नव्हता, आणि तसा तो आला नाही हे बरंच झालं असं मला आजही वाटतं. आदर आधी आला की पुढचं सगळं त्याच्यावर उभं राहतं.

साताऱ्यात परतल्यावर आम्ही मित्र झालो. तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पाला दोघांनी मिळून विहिरींची पाहणी केली. लायब्ररीत एका टेबलावर अभ्यास, कॅन्टीनला चहा, आणि बरोबर नेहमी बाकीची चौघं-पाचजणं. चोरून भेटणं आम्हाला कधी जमलंच नाही. दिवाळी झाली की तो वसतिगृहातल्या दोन-तीन मित्रांना घेऊन गावी यायचा आणि सरांच्या मदतीने नववीच्या मुलांना हाताशी धरून बंधारा पुन्हा घालायचा. ना शिबिर, ना प्रमाणपत्र. आमचं रान त्याच ओढ्याला लागून आहे. माझे वडील, आण्णा, बांधावर उभे राहून बघायचे, कधी आईकरवी भाकऱ्या आणि हुलग्याचं माडगं पाठवायचे.

बी.ए. झाल्यावर मी एम.ए.ला कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात गेले, त्याने साताऱ्यात बी.एड. केलं. मधे आंतर्देशीय पत्रं. त्याची पत्रं वाचून तुम्हाला नवल वाटेल, त्यांत पाऊस, पाठ घेताना मुलांनी विचारलेले प्रश्न, आईची तब्येत आणि शेवटी माझ्या अभ्यासाची चौकशी, एवढंच असायचं. पण एखादं पत्र उशिरा आलं की माझं लक्ष लागत नसे. तेव्हा मला कळलं.

लग्नाचं मीच विचारलं. सातारा एस.टी. स्टँडवर, वडूजच्या गाडीची वाट बघताना. तो खूप वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "नोकरी लागू दे. आणि आधी मी आण्णांना भेटतो, तू सांगू नकोस. मी सांगतो." तो लपूनछपून काही करणार नाही याची मला खात्री होती, तरी त्या वाक्याने मला जो धीर आला तो आजपर्यंत पुरला आहे.

नोकरी लागली आणि तो घरी आला. आमच्या जाती वेगळ्या. आण्णांनी त्याला चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि "बघू" म्हणाले. त्यानंतर ते माझ्याशी बोलायचे थांबले. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. जेवायला बसले तरी ताटाकडे बघून जेवायचे. भावकीतले एकेकजण येऊन काय काय सुनावून जात, ते इथे लिहीत नाही. आई मधल्यामधे झुरत होती. पळून जाऊन कोर्टात नोंदणी करायचा मार्ग आम्हाला मैत्रिणींनी सुचवला होता. कायद्याने आम्ही मोकळे होतो. तो म्हणाला, तुझ्या घरचं दार बंद होईल असं मला काही करायचं नाही, थांबू.

आणि एका संध्याकाळी सर घरी आले. सेवानिवृत्त झाले होते, सायकलवरून आले. मी स्वयंपाकघराच्या दाराआड होते. सरांनी सरळ विचारलं, "पोरात काय कमी आहे ते सांगा आण्णा. मी जाऊन त्याला सांगतो." आण्णा म्हणाले, "पोरात काही कमी नाही सर. लोक काय म्हणतील?" सर म्हणाले, "लोकांत मी पण आलो का नाही?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "दर २२ सप्टेंबरला कर्मवीरांच्या फोटोला तुमच्या हातचा हार असतो. साताऱ्याच्या बोर्डिंगात त्यांनी सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. त्या पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे डाग दिले, मंगळसूत्रसुद्धा दिलं. त्या पंगतीतनं शिकलेलं पोरगं तुमच्या दारात आलंय."

आण्णा उठून बाहेर गेले. परत आले ते बऱ्याच उशिराने. म्हणाले, "होळीपर्यंत विहिरीला पाणी असतंय आता. ते त्याचंच आहे. त्याच्या आईला घेऊन या म्हणावं." सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि सायकल काढली.

सुपारी फोडायची तारीख सरांनीच सुचवली, ३ जानेवारी २००१. सावित्रीबाई फुले यांची जयंती. नायगावची लेक, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातली. आई बिचकली, कारण पौष महिना होता आणि पौषात शुभकार्य करत नाहीत. सरांनी तिला समजावलं की १८७३च्या २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह लागला, त्यात सावित्रीबाईंचा पुढाकार होता, भटजीवाचून आणि खर्चावाचून तो पार पडला. कर्मवीरही त्याच सत्यशोधक चळवळीत वाढलेले. सकाळी शाळेत जयंतीचा कार्यक्रम झाला आणि दुपारी आमच्या अंगणात साखरपुडा. याद सरांनी लिहिली. देण्याघेण्याच्या ओळीत साखर आणि नारळ, एवढंच. अंगठ्या नव्हत्या, आहेर नव्हता.

कुंकू लावायची वेळ आली तेव्हा त्याची आई मागे सरकून दाराच्या चौकटीला टेकली. विधवा बाईने सुनेला कुंकू लावायचं नसतं, म्हणून त्याच्या चुलतीला तिने पुढे केलं. माझी आई, जिला महिना कोणता याचीसुद्धा काळजी होती, ती उठली. त्यांचा हात धरून पाटापाशी घेऊन आली आणि कुंकवाचा करंडा त्यांच्या हातात दिला. "पोराला वाढवलं कुणी? मग लेकीला कुंकू तुम्हीच लावायचं." सासूबाईंचा हात थरथरत होता, कुंकू भुवईपर्यंत ओघळलं. मी ते पुसलं नाही. भावकीतल्या दोन-तीन म्हाताऱ्या उठून गेल्या, बाकी सगळ्या बसून राहिल्या. माझ्या ओटीत सासूबाईंनी आपल्या खोऱ्यातले हातसडीचे तांदूळ घातले. शिबिरातल्या मित्रमैत्रिणींनी रानात आगटी पेटवून हुरडा भाजला आणि आण्णांनी स्वतः फिरून तो सगळ्यांना वाढला. त्याच्यापाशी आले तेव्हा म्हणाले, "पोटभर खा. तुमच्याकडं हे मिळायचं नाही."

लग्नाची तारीख मात्र दोन्ही आयांनी चुलीपुढे बसून आपसांत ठरवली. आमच्याकडची शाळूची सुगी उरकल्यावर आणि त्यांच्याकडचा पाऊस लागायच्या आत.