या हाताला गुरगुर नाही

"मिस, हा फिस्टुला बंद पडलाय."

आमच्या सिम लॅबमधल्या, म्हणजे नर्सिंगच्या सरावाच्या खोलीतल्या, डायलिसिसच्या रबरी हातावर तळवा ठेवून तो मुलगा म्हणाला. वय सोळा, करडी हूडी, सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता. मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. मी पुन्हा विचारलं.

"थ्रिल नाही याला. आमच्या मॉम-मॉमच्या हाताला गुरगुर लागते. मांजर मांडीवर घेतल्यावर लागते तशी. हा हात मेलाय."

फिलाडेल्फियात बऱ्याच घरांत आजीला मॉम-मॉम म्हणतात. मी इथल्या एका विद्यापीठात नर्सिंग शिकवते. त्याआधी अकरा वर्षं डायलिसिस युनिटमध्ये काढली, आणि नर्सिंग शिकले ते मिरजेत. वर्षातून दोनदा उत्तर फिलाडेल्फियातल्या सरकारी हायस्कुलांतली मुलं दिवसभरासाठी आमच्याकडे येतात, बहुतेक सगळी कृष्णवर्णीय. आरोग्यसेवेतली कामं त्यांनी जवळून बघावीत, वस्तू हाताळाव्यात, विद्यार्थ्यांशी बोलावं, म्हणून हा खटाटोप. त्या दिवशी अडतीस जण आले होते.

सकाळ माझ्या हातून जरा वायाच गेली. मी आकडे दाखवत बसले होते. देशात कृष्णवर्णीय लोक साधारण तेरा टक्के, आणि डॉक्टरांमध्ये मात्र जेमतेम सहा. मागच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "एवढे कमी का? आम्हाला नको असतं का डॉक्टर व्हायला?" प्रश्नातला राग रास्त होता. मग मी स्लाइड बंद केली आणि वैद्यकीय महाविद्यालयांची तपासणी करणाऱ्या १९१० सालच्या फ्लेक्सनर अहवालाबद्दल सांगितलं. त्या वेळी कृष्णवर्णीयांसाठीची सात वैद्यकीय महाविद्यालयं होती. अहवालानंतर त्यांतली पाच बंद झाली आणि हॉवर्ड आणि मेहॅरी एवढी दोनच उरली. बाकीची बहुतेक महाविद्यालयं कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना दारातही उभं करत नव्हती. जे डॉक्टर झालेच नाहीत, त्यांच्या हाताखाली शिकणारेही झाले नाहीत. ती मुलगी वहीत लिहून घेत होती.

मग माझ्या जवळची गोष्ट सांगितली. याच शहरात स्त्रियांसाठी वैद्यकीय महाविद्यालय होतं. १८८६ साली तिथून आमची आनंदीबाई जोशी डॉक्टर झाली. कल्याणची मुलगी, नऊवारी नेसून इथल्या बर्फात वावरलेली. आणि तिच्याही आधी, त्याच महाविद्यालयातून १८६७ मध्ये रेबेका कोल आणि १८७८ मध्ये कॅरोलाइन स्टिल अँडरसन या कृष्णवर्णीय डॉक्टर बाहेर पडल्या होत्या. कॅरोलाइनचे वडील विल्यम स्टिल यांनी गुलामगिरीतून पळून आलेल्या शेकडो माणसांना याच शहरात आसरा दिला होता. आनंदीबाई शिकत होती तेव्हा ते महाविद्यालय उत्तर फिलाडेल्फियातच होतं. "आमच्या इथे?" एकाने विचारलं. तुमच्या इथेच, म्हटलं.

दुपारी लॅबमध्ये आलो आणि त्या मुलाने रबरी हात मेलाय असं जाहीर केलं.

डायलिसिसला रक्त जोरात लागतं. म्हणून शल्यचिकित्सक हातातली रोहिणी नीलेला जोडून देतात, तो फिस्टुला. रक्त रोहिणीतून थेट नीलेत धावतं म्हणून बोटांना थरथर लागते, तिलाच थ्रिल म्हणतात, आणि स्टेथोस्कोप लावला तर हूश-हूश आवाज येतो. थरथर गेली म्हणजे बहुधा गुठळी झाली, आणि मग तासांचा हिशेब असतो. आमच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना हे पाठ असतं. पण त्या रबरी हातावर ते कित्येक महिने बोटं ठेवत आले, आणि "थ्रिल आहे" असं तक्त्यात लिहीत आले. मीही ते चालवून घेतलं होतं. याचं मला त्या क्षणी फार वाईट वाटलं.

"तू रोज बघतोस?" मी विचारलं.

"सकाळी शाळेत जायच्या आधी. रात्री झोपायच्या आधी. त्या हाताला बीपीचा पट्टा लावायचा नाही, सुई टोचू द्यायची नाही, त्या कुशीवर झोपू द्यायचं नाही. जड पिशवी उचलायची नाही, पण ती ऐकत नाही." सोमवार, बुधवार, शुक्रवार चार-चार तास मशीन. घरी आल्यावर तिला किती थकवा येतो, पोटॅशियम कमी व्हावं म्हणून बटाटे चिरून भिजत का ठेवायचे, सगळं त्याने सांगितलं. आजूबाजूची मुलं गप्प झाली होती. मग एक मुलगी म्हणाली, माझ्या काकांचंही असंच आहे. आणखी दोन हात वर आले. अमेरिकेत मूत्रपिंडं निकामी झालेल्यांत दर तिघांतला एक कृष्णवर्णीय आहे. सकाळी आकडे सांगून जे पोचलं नव्हतं, ते आता मुलंच मला सांगत होती.

त्याने विचारलं, मॉम-मॉमचा नंबर ट्रान्सप्लांटच्या यादीत इतक्या मागे का?

मी बाकी कार्यक्रम बाजूला ठेवून त्याला सूत्राबद्दल सांगितलं. मूत्रपिंडं किती काम करतात हे रक्तातल्या क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थावरून काढायच्या जुन्या सूत्रांत, माणूस कृष्णवर्णीय असला की उत्तर सोळा ते एकवीस टक्क्यांनी वाढवायचे. कागदावर मूत्रपिंड बरं दिसायचं, आणि यादीत नाव उशिरा लागायचं. २०२१ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने ती वाढ काढून टाकायला सांगितलं. २०२३ पासून, ज्यांचं यामुळे नुकसान झालं त्यांची प्रतीक्षा मागच्या तारखेपासून धरायचा नियम लागू झाला. "तिच्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला विचार, तिची तारीख तपासली का. आजच विचार." त्याने फोनमध्ये लिहून घेतलं. स्पेलिंग मला दोनदा विचारलं.

मग मी त्याला वाटा सांगितल्या. हायस्कूल झाल्यावर डायलिसिस टेक्निशियन होता येतं, काम करत प्रमाणपत्र मिळवायचं. कम्युनिटी कॉलेजमध्ये दोन वर्षांचं नर्सिंग, किंवा चार वर्षांची पदवी. डॉक्टर व्हायचं तर अकरा वर्षं तरी धर. पैसा कुठे किती लागतो तेही सांगितलं, कारण तो लपवला तर पुढचं सगळं खोटं ठरतं.

"म्हणजे मी करतो त्याला पगार देतात?" तो म्हणाला. मी हो म्हटलं आणि पुढे काही बोलवेना.

बस यायला वीस मिनिटं होती. तो पुन्हा रबरी हाताशी गेला, त्याची कातडी कोपराकडून उचलली, आपला फोन व्हायब्रेटवर टाकून आत सरकवला, आणि मैत्रिणीला फोन लावायला सांगितलं. हात थरथरला. त्याने बोटं ठेवून मान हलवली. "फार जोरात आहे. मध्ये मोजा पाहिजे." कोणीतरी बॅगेतून जिमचा मोजा काढून दिला. आता त्याने डोळे मिटले, मनगटापासून वर हळूहळू बोटं सरकवली.

"हां. आता ही मॉम-मॉम."

सोमवारी मी घरातला जुना फोन आणि एक लोकरी मोजा लॅबमध्ये नेऊन ठेवला. दुसऱ्या वर्षाची तुकडी आली तेव्हा सहा हातांपैकी एकातच तो सरकवला, आणि प्रत्येकाला सांगितलं, चालू फिस्टुला शोधून दाखवा. तक्ते अजून दिलेले नव्हते.