चवड बसली, पण ‘नी’ आला नाही

मार्चमध्ये भरलेला सेल, म्हणजे दोन काचांमध्ये द्रवस्फटिकाचा (लिक्विड क्रिस्टलचा) पातळ थर, परवा ड्रॉवरच्या तळाशी सापडला. काचेवर माझ्याच अक्षरात पदार्थाचं नाव आणि थराची जाडी: ‘एचएटी-५, १० मायक्रॉन’. आठ महिने झाले होते, पण नवा भरायचा कंटाळा, म्हणून तोच हॉट स्टेजवर, म्हणजे तापवायच्या पाटावर, चढवला.

एचएटी-५ हा ट्रायफेनिलीनचा पदार्थ; त्याचे रेणू चपटे, कडेला सहा शेपट्या. साधारण ७० अंशांच्या वर ते भाकऱ्यांच्या चवडीसारखे एकावर एक बसतात आणि वीजभार चवडीतून वरखाली सरकतो. (असे थाळीदार द्रवस्फटिक पहिल्यांदा १९७७ साली इथेच, बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत, एस. चंद्रशेखर आणि सहकाऱ्यांनी दाखवले. पाहुणे आले की आम्ही हे ऐकवतोच.) नायट्रोजन लेझरचा एक पल्स मारला की एका काचेलगत भार तयार होतो; तो पलीकडे पोचला की ऑसिलोस्कोपवर करंट एकदम खाली येतो. त्या वळणाला आम्ही ‘नी’ (इंग्रजीतला गुडघा) म्हणतो. ५० व्होल्टला तो २० मायक्रोसेकंदांच्या आसपास दिसायला हवा.

दिसलाच नाही. करंट नुसता घसरत गेला. मी आधी केबलींना शिव्या घातल्या, मग लेझरला. दोन दिवस त्यातच गेले.

तिसऱ्या दिवशी सेल मायक्रोस्कोपखाली धरला. चवडी काचेवर सरळ उभ्या असतील तर काटकोनातल्या दोन पोलरायझरमध्ये (एकाच दिशेचा प्रकाश सोडणाऱ्या चाळण्या) काळंकुट्ट दिसतं. इथे चांदणं पडलेलं. ड्रॉवरमध्ये गोठताना रांगा मोडल्या होत्या. १२५ पर्यंत तापवून साधा द्रव केला, मिनिटाला अर्धा अंश असं उतरवलं. काळोख परत आला. नी मात्र पुसटच.

सर म्हणाले, “रांग लागली गं, पण रांगेतली माणसं ती राहिली नाहीत.”

माझा संशय ऑक्सिजनवर. ऑक्सिडाइज झालेला रेणू म्हणजे वाटेतला खड्डा, भार त्यात पडून राहतो. साध्या पदार्थात तो बाजूने वळसा घालून जाईल. चवडीत शेजारच्या गल्लीत उडी मारणं फार अवघड, मधे शेपट्यांचं कुंपण. म्हणून थोडेसेच रेणू बिघडले तरी सगळा सेल मंदावतो. रांगा मोडल्या तर तापवून सांधता येतात, हे सांधत नाही.

नंतर नीट पाहिलं तर कडेला, गोंदाच्या रेघेजवळ, पिवळसर झाक होती. मार्चच्या फोटोत ती नाही.