लेपाखालचा काळा डाग

पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी वैद्यकीय अधिकारी आहे. माझे शिक्षण आयुर्वेदाचे, आणि बालपण आजोळच्या परसात गेलेले. त्यामुळे खरचटल्यावर दगडीपाल्याचा रस पिळणे, गजकर्णावर टाकळ्याचे बी वाटून लावणे, अंगावर पित्त उठले की आमसुलाचे पाणी चोळणे हे उपचार मी पुस्तकात वाचण्याच्या कितीतरी आधी स्वतःच्या अंगावर अनुभवले आहेत. रुग्णाने घरचे औषध लावलेले दिसले तर मला राग येत नाही. उलट काय लावले, कशात वाटले आणि त्याने किती उतार पडला, हे मी आवर्जून विचारते. त्या दिवशी मात्र मी ते विचारले नाही.

दिवाळी तोंडावर आली होती. डोंगरउतारावरची गवतकापणी जोरात चालू होती आणि ओपीडीत गवताचेच रुग्ण होते. कुणाला सुरवंट लागून दंडावर पुरळ उठले होते, कुणाच्या मानेला खाजकुयलीची कुसे लागली होती, कुणाच्या मांडीला गोचीड चिकटली होती. या गर्दीत एक पंचेचाळिशीची बाई सासूच्या खांद्याला धरून आत आली. सहा दिवसांपासून ताप, डोके फुटेल असे दुखणे आणि अंग मोडून आलेले. दोन ठिकाणी औषध घेऊन झाले होते, सलग तीन दिवस इंजेक्शने झाली होती, डेंग्यू आणि मलेरियाच्या तपासण्यांत काही निघाले नव्हते. फक्त रक्तातल्या प्लेटलेट घटून नव्वद हजारांपर्यंत आल्या होत्या.

‘‘अंगावर पित्त उठलंय तिच्या,’’ सासू म्हणाली. ‘‘आमसुलाचं पाणी लावलं, पर बसंना.’’

पोटावर आणि पाठीवर फिकट लाल पुरळ होते. मी त्यावरून बोट फिरवले आणि खाज येते का विचारले, तर ती नाही म्हणाली. पित्ताच्या गांधी खाजवल्याशिवाय राहवत नाहीत. शिवाय त्या आज इथे तर उद्या तिथे उठतात, आणि एका जागची गांध बहुधा दिवसभराच्या आत विरून जाते. हे पुरळ दोन दिवस जागचे हलले नव्हते. म्हणजे हे पित्त नव्हते. तरीही डेंग्यूची तपासणी एखादे वेळी चुकू शकते, ती पुन्हा करावी, एवढाच विचार करून मी कागद भरायला घेतला. बाहेर चाळीस माणसे खोळंबली होती. हे कारण म्हणून सांगत नाही, त्या वेळी माझ्या मनात तेच होते म्हणून लिहिते.

पोट तपासताना परकराची नाडी थोडी खाली सरकली आणि कमरेच्या उजव्या बाजूला तळहाताएवढा लेप दिसला. तो वाळून तडकलेला, तपकिरी लाल रंगाचा होता. सासूने पिशवीतून स्टीलची डबी काढून दाखवली. कडुनिंबाचा पाला, हळद आणि खायचा चुना एकत्र वाटलेला होता. नवरात्रात गवताला गेली तेव्हा काहीतरी चावले असावे, नाडीखाली बारीक फोड आला होता, म्हणून आठ-नऊ दिवस हा लेप चालू होता. मुख्य तक्रार तापाची असल्यामुळे आधीच्या दोन्ही ठिकाणी हे कुणी सांगितले नव्हते आणि कुणी विचारलेही नव्हते.

लेप धुऊन पाहायचा म्हटल्यावर सासूने माझा हात धरला. ‘‘आपसूक गळून पडंस्तवर हात लावू नगा, बाई. उपटला तर किड्याचं इख पुन्ना अंगात उतरतंय.’’

मी त्यांना म्हटले, ‘‘आजी, उपटणार नाही. कोमट पाण्याने भिजवते, तुम्ही समोर उभ्या राहा. खाली चांगली कातडी दिसली तर तुमच्या हातानेच परत लावा.’’ त्या क्षणभर थांबल्या आणि मग त्यांनीच सुनेचा पदर बाजूला धरला.

सिस्टरने गॉज भिजवून लेपावर ठेवला. दोन मिनिटांत त्याच्या कडा सुटल्या आणि कमरेवरून लालभडक ओघळ आला, इतका की सिस्टर दचकून मागे सरली. ते रक्त नव्हते. हळदीत चुना पडला की ती कुंकवासारखी लाल होते. कुंकू करण्याची आपली जुनी रीतही तीच आहे. पण त्या लालीखाली कातडीची स्वतःची लाली लपून गेली होती. तिसरा गॉज बदलल्यावर खालची जागा दिसली. चवळीच्या दाण्याएवढी, गोल, कोरडी, काळी खपली होती, जणू कुणी विडीचा चटका द्यावा तशी, आणि तिच्याभोवती लालसर कडे होते. मी खपलीवर दाबून पाहिले तरी तिला दुखले नाही. त्याच बाजूच्या जांघेत मात्र अवधाणाच्या गाठी हाताला लागल्या.

अशी खपली मी पुस्तकातल्या चित्रात पाहिली होती, आणि २०१८ साली नागपूर भागात स्क्रब टायफसचे रुग्ण मोठ्या संख्येने निघाले तेव्हा तिच्याविषयी पुष्कळ वाचले होते. गवतात आणि झुडपांत राहणाऱ्या माइट नावाच्या एका सूक्ष्म किड्याची पिल्ले माणसाला चावतात. ती इतकी बारीक असतात की डोळ्यांना सहसा दिसत नाहीत, आणि चावल्याचे कळतही नाही. त्यांच्यातून ओरिएन्शिया सुत्सुगामुशी नावाचा जंतू शरीरात शिरतो, आणि बहुधा दहा-बारा दिवसांनी ताप चढतो. ही पिल्ले काख, जांघ, स्तनाखालची घडी, कमरेची नाडी अशा झाकलेल्या जागी चावतात, त्यामुळे खपली शोधल्याशिवाय सापडत नाही. प्रत्येक रुग्णात ती असतेच असे नाही आणि सावळ्या कातडीवर ती चटकन नजरेत भरत नाही. इथे तर ती होती आणि आम्हीच तिच्यावर लेप ठेवून बसलो होतो. हा जंतू पेशींच्या आत राहतो, त्यामुळे पेनिसिलीनच्या जातीची इंजेक्शने त्याच्यावर चालत नाहीत. डॉक्सीसायक्लीन चालते, आणि वेळेवर दिले तर फार लवकर चालते. उशीर झाला तर फुप्फुसे, मूत्रपिंड आणि मेंदूपर्यंत मजल जाते.

तिचा श्वास मिनिटाला सव्वीसवर गेला होता. तपासणीचा अहवाल येईपर्यंत थांबणे योग्य नव्हते. शंभर मिलिग्रॅम डॉक्सीसायक्लीनची पहिली गोळी तिथेच पोटात गेली, आयजीएम एलायझा या स्क्रब टायफसच्या तपासणीसाठी रक्ताचा नमुना घेतला आणि १०८ बोलावून तिला कराडला पाठवले. रुग्णवाहिका येईपर्यंत आजी बाकावर डबी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ‘‘माझ्या लेपानं झालं का वो हे?’’ असे त्यांनी तीनदा विचारले.

लेपामुळे रोग झाला नव्हता. तो किड्यामुळे झाला होता, आणि हे त्यांना स्पष्ट सांगणे मला अत्यंत गरजेचे वाटले, कारण एकदा मनात अपराध बसला की माणसे पुढच्या वेळी घरी काय लावले ते लपवतात, आणि मग डॉक्टरला अर्धीच हकिगत कळते. डास, मुंग्या किंवा पिसवा चावल्यावर कडुनिंब-हळदीचा लेप मीही लावू देते. जखमेवर हळद वापरण्याच्या अमेरिकी पेटंटचा वाद आपण १९९७ साली अमेरिकेत जिंकला त्याचा मला अभिमान आहे. मात्र हळदीचा जखमेवरचा वापर आपल्याकडे पूर्वापार आहे, एवढेच तिथे सिद्ध झाले. कोणत्याही पुरळावर हळद चालते, असा त्याचा अर्थ नव्हे. चुन्याबाबत तर माझे मत ठाम आहे. चुना दाहक क्षार आहे, तो नाजूक कातडी भाजतो, आणि हळदीबरोबर घातला की खालचे काहीच दिसू देत नाही. बिब्ब्याचे तेल आणि रुईचा चीक यांनी पोळून फोड आलेले रुग्ण मी दरवर्षी पाहते. त्यांतल्या पुष्कळांचा मूळचा दंश त्या भाजण्याहून कितीतरी साधा होता.

तिसऱ्या दिवशी कराडहून फोन आला की ताप उतरला आहे. एलायझाचा अहवाल नंतर पॉझिटिव्ह आला. सात दिवसांचे औषध पूर्ण करून ती घरी परतली, तोवर आशाताईंनी त्या वाडीतल्या गवत कापणाऱ्या घरांत फिरून ताप असलेल्या माणसांची चौकशी केली होती. गवतावर बसू नये, अंगातले कपडे काढून गवतावर टाकू नयेत, लांब बाह्यांचा सदरा घालावा, घरी आल्याबरोबर साबणाने अंघोळ करून कपडे धुवायला टाकावेत, हे सांगताना त्या कमरेची नाडी आणि काख पाहायलाही सांगत होत्या. आणखी एक तरुण त्यामुळेच तापाच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आला. त्याची खपली काखेत होती आणि तिच्यावर काहीही लावलेले नव्हते.

नोव्हेंबरच्या अखेरीस आजी नातवाला घेऊन आल्या. त्याच्या दोन्ही पोटऱ्यांवर बारीक लाल पुळ्या होत्या आणि तो सारखा खाजवत होता. पाय नुकतेच स्वच्छ धुतलेले होते. डबी पिशवीत होती, पण झाकण बंद होते.

‘‘आधी तुमी बघा, बाई,’’ त्या म्हणाल्या.

मी पाहिले. ताप नव्हता, काळी खपली कुठेच नव्हती, जांघेत गाठी नव्हत्या. घरातल्या मांजरीने पिल्ले घातली होती आणि पोरगा त्यांच्याजवळ झोपत होता. पिसवाच होत्या. अंथरूण उन्हात टाका आणि हे खुशाल लावा, असे सांगितल्यावर आजींनी तिथेच बाकावर बसून डबीचे झाकण काढले. आतला लेप हिरवट पिवळा होता.