चिखलात रुतलेला ऐरावत

बाबांचं तुणतुणं अजून आमच्या घरी खुंटीला आहे. वस्तीच्या कलापथकात ते झीलकरी, म्हणजे शाहिराच्या मागे ओळ उचलून धरणारे, होते. १४ एप्रिलच्या रात्री शाहीर पुढे, बाबा मागे, आणि मी स्टेजच्या कडेला पाय सोडून बसलेली. अण्णाभाऊ साठ्यांचं ‘जग बदल घालुनी घाव’ सुरू झालं की मी एकाच जागेची वाट बघायची: गुलामगिरीच्या चिखलात ऐरावत रुतून का बसलाय, असं शाहीर विचारतो ती.

तेव्हा मला नुसता हत्ती दिसायचा. त्या प्रश्नात किती माया आहे, ते फार उशिरा कळलं. १९५६च्या डिसेंबरात बाबासाहेब गेले. पोरक्या झालेल्या माणसांना या गाण्यात अण्णाभाऊ भेकड म्हणत नाहीत, बिचारेही म्हणत नाहीत. तू इंद्राचा हत्ती आहेस, मग बसलास का, एवढंच विचारतात. भीती तिथे चिखल होऊन येते. चिखल अंगाला चिकटतो, पाय जड करतो, पण तो काही आपलं अंग नव्हे. म्हणून तर पुढे लगेच अंग झाडून बाहेर निघायला सांगितलंय.

आणि जुलूम करणारे? त्यांना या गाण्यात सिंहासन मिळतच नाही. धनवंत आणि धर्मांध एका दमात येतात, मग माणिक गिळलेली मगर येते, साव होऊन बसलेले चोर येतात. मगर मोठी असेल, पण तिच्या पोटातलं माणिक तिचं नाही! सत्तेचं याहून नेमकं चित्र मी तरी ऐकलेलं नाही.

सरकारशी गाठ काय असते ते अण्णाभाऊंना ठाऊक होतं. मुंबई सरकारनं तमाशावर बंदी आणली तेव्हा त्यांनी तोच खेळ लोकनाट्य म्हणून उभा केला. ‘माझी मैना’ ही छक्कड तर बायकोच्या विरहानं सुरू होते आणि बेळगाव, कारवार, निपाणी महाराष्ट्राबाहेर राहिल्याच्या दुःखापर्यंत जाते.

पण गाणं म्हटलं की भीती पळते, असं मला कुणी सांगू नये. ११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, १० माणसं गेली. काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. दुसऱ्यांना उठवणारा तो गळा. बातमी आली तेव्हा बाबा जेवत होते. ताट तसंच सारून ते उठले. त्या पावसाळ्यात तुणतुणं खुंटीवरून खाली आलं नाही. आई अधूनमधून त्यावरची धूळ पुसायची, बोलायची काहीच नाही.

पुढच्या एप्रिलला पोरं बोलवायला आली. बाबा त्यांच्याबरोबर गेले, मागच्या रांगेत उभे राहिले. ऐरावताची ओळ आली आणि त्यांचा आवाज बसला. बाकीच्या झीलकऱ्यांनी ओळ उचलली. बाबा मान खाली घालून तार छेडत राहिले.