बत्तिसाव्या सेकंदाला तुटणारा फोन

फोन वाजला, मी उचलला, आणि पुढे काहीच नाही. बहीण तिकडे "हॅलो, हॅलो" करत असणार, इकडे मीही तेच करत होतो. दोघांच्याही पडद्यावर कॉल चालू असल्याचे सेकंद शिस्तीत वाढत होते. शेवटी तिने साध्या मोबाइलवरून फोन लावला. "दादा, तुझा सर्व्हर मुका आहे."

आम्ही सहा-सात जण वेगवेगळ्या गावांत बसून एकत्र काम करतो. प्रत्येकाला एक तीन आकडी नंबर असावा, तो फिरवला की माणूस सापडावा, एवढीच माझी हौस होती. एक जुना संगणक पडून होता. त्यावर लिनक्स टाकलं आणि ॲस्टेरिस्क बसवलं, म्हणजे संगणकालाच इंटरनेटवरचं टेलिफोन एक्स्चेंज बनवलं. मार्क स्पेन्सरने १९९९ मध्ये सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पैसे लागले नाहीत, त्याची भरपाई वेळेने झाली.

पहिली ठेच अगदी दारातच लागली. जुनी माहिती वाचून मी 'सिप डॉट कॉन्फ' ही फाइल निगुतीने भरली आणि सर्व्हरने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती फाइल वाचणारा चॅन-सिप हा जुना मॉड्यूल आवृत्ती २१ पासून काढूनच टाकलाय. आता सगळा कारभार त्याच्या जागी आलेल्या पीजेसिप या मॉड्यूलचा. त्यात एका फोनसाठी तीन तुकडे लिहावे लागतात: एंडपॉइंट, म्हणजे फोन कसा वागणार, ऑथ, म्हणजे नाव आणि पासवर्ड, आणि एओआर, म्हणजे तो फोन सध्या कुठे सापडेल याची नोंद. तिन्ही एकमेकांना नावाने जोडलेले. एका नावात एक अक्षर चुकलं की फोन नोंदवला जात नाही. मी अर्थातच चुकवलं.

ते सुधारल्यावरही लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, '४०१ अनऑथराइज्ड' दिसत राहिलं आणि मी तासभर पासवर्ड तपासत बसलो. नंतर कळलं, की तो नकार नाहीच. फोन पहिल्यांदा नोंदणी मागतो तेव्हा सर्व्हर ४०१ देऊन त्याच्याकडे एक कोडं टाकतो. फोन पासवर्ड वापरून त्याचं उत्तर तयार करतो, पुन्हा विचारतो आणि मग '२०० ओके' येतं. म्हणजे यशस्वी नोंदणीच्या आधी सहसा एक ४०१ असतंच. दुसऱ्यांदाही ४०१ आलं तरच पासवर्डवर संशय घ्यायचा.

घरातल्या घरात १०१ आणि १०३ हे नंबर बोलू लागले. मग राउटरवर ५०६० हे पोर्ट, म्हणजे फोन जोडणारे निरोप जिथून येतात ते आकडी दार, उघडून सर्व्हरकडे वळवलं आणि १०२ नंबर बहिणीला दिला. तिचा फोन मोबाइल डेटावर होता. तिने १०१ फिरवला आणि तो मुका कॉल झाला.

इथे मी दोन संध्याकाळी वाया घालवल्या, कारण शोधत होतो ते चुकीच्या जागी. माझी समजूत अशी, की फोन वाजतोय म्हणजे वाट मोकळी आहे, आवाजही त्याच वाटेने येईल. तसं नसतं. एसआयपी (वरच्या फाइलच्या नावातलं 'सिप' ते हेच), म्हणजे फोन जोडण्याचे ठरलेले नियम, फक्त गाठ घालून देतो: कोण कोणाला बोलावतंय, उचलला का, ठेवला का. आवाज वाहतो आरटीपीवरून, वेगळ्या पोर्टांवरून, आणि त्या वाटेचा पत्ता दोन्ही बाजू सुरुवातीच्या निरोपातच एकमेकांना लिहून कळवतात. माझ्या ॲस्टेरिस्कला आवाजासाठी १०००० ते २०००० ही पोर्टं नेमलेली होती. राउटरवर त्यातलं एकही उघडं नव्हतं. ती उघडली. राउटरमधलं एसआयपी एएलजी हे मदतनीस कलमही बंद केलं. निरोपातले पत्ते ते आपल्या अकलेने बदलतं आणि बहुतेक वेळा काम बिघडवून ठेवतं.

तरी मुका तो मुकाच.

मग ॲस्टेरिस्कच्या कन्सोलवर 'आरटीपी सेट डीबग ऑन' दिलं आणि बहिणीला म्हटलं, "पुन्हा लाव, आणि आकडे मोजत राहा." पडद्यावरून ओळी धावू लागल्या. जी-७११ या आवाज भरण्याच्या पद्धतीत दर २० मिलिसेकंदांचा आवाज एका पॅकेटात जातो, म्हणजे एका बाजूने सेकंदाला ५० पॅकेटं, प्रत्येकी १६० बाइट. माझ्या फोनकडून 'गॉट', तिच्या फोनकडे 'सेंट', पुन्हा 'गॉट', पुन्हा 'सेंट'. तिच्याकडून आलेलं 'गॉट' मात्र एकही नाही. आणि 'सेंट'समोरचा पत्ता १० ने सुरू होणारा. मोबाइल कंपनीच्या जाळ्याबाहेर त्या पत्त्याला काहीच अर्थ नाही. माझा आवाज सेकंदाला पन्नास तुकड्यांनी कुठेतरी हवेत चालला होता.

तिचा आवाज का येत नाही, ते 'पीजेसिप सेट लॉगर ऑन' दिल्यावर दिसलं. तिला गेलेल्या '२०० ओके'च्या पोटात एसडीपीचा, म्हणजे आवाज कुठे पाठवायचा ते सांगणारा मजकूर होता, आणि त्यातल्या 'सी' या अक्षराने सुरू होणाऱ्या ओळीत माझ्या सर्व्हरने स्वतःचा पत्ता दिला होता १९२.१६८.१.१०. म्हणजे मीच तिला सांगत होतो, की मला आवाज पाठवायचा तर माझ्या घरातल्या खोलीच्या नंबरावर पाठव. बिचारा फोन इमानेइतबारे तिथे पाठवत होता.

उपाय सोपा होता. पीजेसिपच्या फाइलमधल्या ट्रान्सपोर्टच्या भागात 'लोकल नेट'पुढे घरचं जाळं कोणतं ते लिहायचं आणि 'एक्सटर्नल मीडिया ॲड्रेस'पुढे बाहेरचा खरा पत्ता. लिहिलं, रीलोड केलं, कॉल केला. ढिम्म! पुन्हा फाइल वाचली, पुन्हा रीलोड, पुन्हा तेच. ट्रान्सपोर्टमधले बदल नुसत्या रीलोडने लागू होत नाहीत, ॲस्टेरिस्क बंद करून पुन्हा सुरू करावं लागतं, हे कळेपर्यंत बहीण वैतागून झोपायला गेली होती.

त्या रात्री एकटाच लॉग चाळत बसलो आणि भलतंच सापडलं. बाहेरून कोणीतरी सारखं दार ठोठावत होतं. १००, १०००, १००१ अशी नावं ओळीने, आणि स्वतःची ओळख म्हणून 'फ्रेंडली-स्कॅनर'. असल्या मित्रांना ५०६० उघडं असल्याचा वास फार लवकर लागतो. घाम फुटला तो पुढच्या गोष्टीने: नोंदवलेल्या फोनांच्या यादीत १०१ समोर एक अनोळखी पत्ता होता. चाचणीपुरता म्हणून मी १०१ चा पासवर्डही १०१ ठेवला होता. त्या पाहुण्याने आत शिरून परदेशी नंबर फिरवून पाहिले होते, कधी पुढे एक शून्य लावून, कधी दोन, कधी नऊ. माझ्या डायल प्लॅनमध्ये, म्हणजे कोणता नंबर कुठे जोडायचा याच्या यादीत, तीन आकडी नंबरांखेरीज काही नव्हतं आणि बाहेरच्या टेलिफोन कंपनीशी जोडणारी वाट, म्हणजे ट्रंकही नव्हती, म्हणून प्रत्येक वेळी ४०४, म्हणजे 'सापडला नाही', खाऊन तो परत गेला. ट्रंक असती तर बिल माझ्या नावावर फाटलं असतं. तेव्हाच सगळे पासवर्ड वीस-वीस अक्षरांचे केले आणि फेल-टू-बॅन बसवलं. तीन चुका झाल्या की तो पत्ता दिवसभर बाहेर. ही व्यवस्था खरं म्हणजे पोर्ट उघडण्याआधी करायची असते.

दुसऱ्या दिवशी कॉल लागला आणि बहिणीचा आवाज आला! लख्ख. पण तिला माझा नाही. ओरडून उपयोग नव्हता, तरी मी ओरडलो. माझी पॅकेटं अजून त्या १० वाल्या पत्त्यावरच चालली होती. मग एंडपॉइंटमध्ये 'आरटीपी सिमेट्रिक' चालू केलं, म्हणजे तिने निरोपात काहीही लिहिलेलं असो, तिचा आवाज प्रत्यक्ष जिथून येतोय तिथेच माझा परत पाठवायचा. त्याच बैठकीत 'रीराइट कॉन्टॅक्ट', म्हणजे निरोपांच्या बाबतीतही तेच, चालू केलं आणि 'डायरेक्ट मीडिया' बंद. नाहीतर कॉल लागल्यावर सर्व्हर अंग काढून घेतो आणि दोन फोनांनी थेट एकमेकांशी बोलावं म्हणतो, जे आमच्या मांडणीत शक्यच नव्हतं.

आता दोघांनाही ऐकू येऊ लागलं. "आला रे आला," ती म्हणाली. तिने कुठलीशी लांबलचक हकीकत सुरू केली आणि मध्येच कॉल तुटला. पुन्हा लावला, पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा मी घड्याळ लावलं: ३२ सेकंद. चौथ्यांदा: ३२ सेकंद.

नेट खराब असतं तर कॉल कधीही तुटला असता. इतका वक्तशीर तुटतो म्हणजे कोणीतरी ठरवून तोडतंय. लॉगर पुन्हा चालू केला. मी फोन उचलला की सर्व्हर तिला '२०० ओके' पाठवतो, आणि त्याची पोच म्हणून तिच्या फोनकडून 'ॲक' यायला हवं. ते येत नव्हतं. सर्व्हर अर्ध्या सेकंदाने '२०० ओके' पुन्हा पाठवी, मग एका, दोन, चार सेकंदांनी, पुढे दर चार सेकंदांनी. आमच्या गप्पा चाललेल्या आणि खाली हा गरीब तेच तेच विचारतोय. जून २००२ मध्ये निघालेल्या आरएफसी ३२६१ या एसआयपीच्या मुख्य दस्तऐवजात ही मुदत दिलेली आहे: अर्ध्या सेकंदाच्या ६४ पट, म्हणजे बरोबर ३२. तेवढ्यात पोच आली नाही, की समोर कोणी नाही असं समजून सर्व्हर 'बाय' करतो.

आणि पोच का येत नव्हती? '२०० ओके'मधली 'कॉन्टॅक्ट'ची ओळ पाहिली. पुन्हा तोच १९२.१६८.१.१०. आवाजाचा पत्ता मी सुधारला होता, निरोपांचा नाही. 'एक्सटर्नल मीडिया ॲड्रेस'च्या शेजारीच 'एक्सटर्नल सिग्नलिंग ॲड्रेस' असतं, आणि ती ओळ मी अनावश्यक समजून सोडून दिली होती. ती भरली. या वेळी रीलोडच्या नादी न लागता ॲस्टेरिस्क बंद करून सुरू केलं.

बहिणीने फोन लावला. दोघंही गप्प, आकड्याकडे बघत. तीस. एकतीस. बत्तीस. तेहेतीस.

"बोलू का आता?" तिने विचारलं.

"थांब, चाळीस होऊ दे."