पिठ्ठू, सत्तर किलोचा पुतळा आणि एकच रकाना

अग्निवीरचा फॉर्म भरताना एका पोट्टीनं विचारलं, "सर, माह्यासाठी एकच रकाना कायले? इन्फंट्रीचं कुठी हाये?" तिचा प्रश्न बरोबर होता. जनरल ड्यूटीत पोरांसमोर पायदळ, तोफखाना, रणगाडे सगळं खुलं. पोरींसाठी फक्त मिलिटरी पोलीस. मागून एक पोट्टा हसला, "पिठ्ठू तरी उचलशीन का?" पिठ्ठू म्हणजे फौजी पाठपिशवी. मग बायकांनी पायदळात जावं का यावर वर्गात जे सुरू झालं ते टीव्हीवरच्या चर्चेसारखंच होतं, म्हणजे आवाज मोठा आणि वजनकाटा कुठेच नाही. मी पायदळातून हवालदार होऊन घरी आलो, आता विदर्भात दिग्रसकडे पोरापोरींची भरतीची तयारी करून घेतो. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्यांना पिठ्ठू घेऊन कालव्याच्या पाळीवर बोलावलं.

पाळीवर बोलावण्याचं कारण मुरूम. आमच्या काळ्या मातीत दव पडलं तरी बुटाला चिखल धरतो, मग पिठ्ठूचं ओझं कोणतं आणि मातीचं कोणतं ते कळत नाही.

ही पोरं दिवाळीपासून वजन घेऊन चालत होती, म्हणूनच त्यांना १५ किलो दिले. नवख्याला ८ किलोपासून सुरुवात, आठवड्याला फार तर २ किलो वाढ, आठवड्यात दोनच दिवस, आणि वजन घेऊन पळणं बंद. शरीराच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यावर मी कोणालाच नेत नाही. वजन करायला तेलाचा ५ लिटरचा कॅन चांगला. कोरडी वाळू भरली की साधारण ८ किलो. नदीतून आणलेली ओली वाळू तशीच भरली तर तोच कॅन ९ च्या वर जातो. पोट्टे मुद्दाम कोरडी भरतात हे मला माहीत आहे, म्हणून काटा सोबत असतो.

कॅन पिठ्ठूच्या तळाला ठेवायचा नाही. जड वस्तू खांद्याच्या पात्यांजवळ, पाठीला चिकटून हवी. वजन खाली लोंबलं की माणूस पुढे वाकतो आणि दोन किलोमीटरनंतर कंबर बोलायला लागते. पोरींचं दुखणं वेगळं असतं. बाजारातल्या पिठ्ठूचे पट्टे रुंद खांद्याच्या मापाचे. पोरीच्या खांद्यावरून ते कडेला घसरतात, नस दाबली जाते, हाताला मुंग्या येतात, आणि लोक म्हणतात पोरीला जमत नाही. आमच्याकडे मोच्याकडून दोन्ही पट्टे वरच्या बाजूला दोन-दोन इंच आत घेऊन नायलॉनच्या दोऱ्यानं शिवून घेतले आणि छातीवरून एक आडवा पट्टा टाकला. कंबरेचा पट्टा पोटावर नको, कंबरेच्या हाडावर बसला पाहिजे. एवढ्या दुरुस्तीनं मुंग्यांची तक्रार थांबली.

दुसरी गोष्ट पावलाची. सैन्यातलं पाऊल ३० इंचाचं. ठेंगणी पोरगी रांगेच्या शेवटी ठेवली तर पुढच्या उंच पोरांना गाठायला ती ताणून पाऊल टाकते आणि प्रत्येक पावलाचा झटका नडगीत आणि ओटीपोटाच्या हाडात जातो. स्ट्रेस फ्रॅक्चर असंच होतं. एकदम मोडत नाही, बारीक चीर पडते, आणि शिकवणारा उस्ताद म्हणतो नाटक करते. बोटानं नडगी दाबून बघायची: लांबवर दुखत असेल तर बहुधा स्नायू, एकाच टिचभर जागी कळ येत असेल तर वजन त्याच दिवशी बंद आणि डॉक्टर. रांगेत सगळ्यात ठेंगणा सगळ्यात पुढे ठेवला की अर्धी भानगड मिटते.

पाच किलोमीटरमध्ये ती रकानावाली पोट्टी तिसरी आली. हसणारा तिच्या मागे होता. वर्गातला वाद इथंच संपावा अशी पोरींची इच्छा होती. पण पायदळात ठिकाणावर पोचलं की काम सुरू होतं, म्हणून पुतळा काढला.

पुतळा म्हणजे जुनी जीन्स आणि खाकी शर्ट एकमेकांना शिवून वाळू आणि भुसा भरलेला, सत्तर किलोचा. खरा जखमी जवान हेल्मेट, रायफल, गोळ्यांसकट याहून जड भरतो. पुतळ्याला कण्हताही येत नाही आणि तुमच्या गळ्याला हातही घालता येत नाही, म्हणून तो वजनापेक्षा जड वाटतो. काम असं: खांद्यावर घ्यायचा, नाही जमला तर बगलेत हात घालून उलटं चालत ५० मीटर ओढायचा.

खांद्यावर एकाही पोरीला घेता आला नाही. पोरांतही तिघांनाच जमलं, आणि हसणारा त्या तिघांत नव्हता. ओढताना रकानावालीचे पाय मजबूत होते, कंबर खाली होती, सगळं शिकवल्याप्रमाणे. साधारण तीस मीटरवर तिची बोटं उघडली. पुन्हा पकडलं, पुन्हा सुटलं. तिनं शेवटी ओढणीचा फास पुतळ्याच्या बगलेतून काढला, स्वतःच्या कंबरेला गुंडाळला आणि उरलेलं अंतर पूर्ण केलं. ज्या पोरांना पुतळा जमला ते सगळे बारवाले, म्हणजे आडव्या दांड्याला लटकून पुल-अप काढणारे होते. ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

कारण भरतीच्या चाचणीत बार फक्त पोरांना आहे. १० पुल-अप काढले की पूर्ण ४० गुण. १.६ किलोमीटर धावणं पोरांना ५ मिनिटं ३० सेकंदात केलं तर ६० गुण. पोरींना वेळेच्या पहिल्या गटासाठी ७:३०, दुसऱ्यासाठी ८ मिनिटं, शिवाय १० फूट लांब उडी आणि ३ फूट उंच उडी. पुल-अप नाहीच. मग गावोगावच्या तीन महिन्यांच्या बॅचवाल्या अकॅडम्या पोरींना बारला लटकवतील कशाला? सव्वासात मिनिटांत आली की "झालं तुझं" म्हणून बसवतात. तीच पोरगी नीट मेहनत घेतली तर साडेसहात येते. पुतळ्याजवळ बोटं उघडली ती बाईपणामुळे किती आणि कोणी कधी मागितलंच नाही म्हणून किती, हे त्या सकाळी मला वेगळं करता आलं नाही.

चर्चा करणारे मात्र दोन्ही बाजूंनी ठाम असतात. एक बाजू सर्वोच्च न्यायालयाचा १७ फेब्रुवारी २०२० चा निकाल दाखवते. तो महिला अधिकाऱ्यांच्या कायम कमिशनचा (निवृत्तीपर्यंतच्या नोकरीचा) आणि नेतृत्वाच्या नेमणुकांचा, पायदळाचं दार त्यानं उघडलेलं नाही. दुसरी बाजू म्हणते बायकांना जमणारच नाही. २०१६ पासून आपल्या बायका लढाऊ विमानं उडवतात, २०२१ मध्ये ८३ जणींची पहिली तुकडी मिलिटरी पोलीसमध्ये आली, त्याच वर्षी सीआरपीएफनं कोब्रा या आपल्या जंगलातल्या कमांडो दलात महिला घेतल्या, २०२३ मध्ये तोफखान्यात महिला अधिकारी गेल्या. आणि विदर्भात बसून हे कोण बोलतो? गडचिरोलीच्या जंगलात नक्षल्यांच्या दलममध्ये (टोळीत) बंदूक घेऊन फिरलेल्या बायकांबद्दल सी-६० च्या, म्हणजे तिथल्या पोलीस कमांडो दलाच्या जवानांना विचारा. अर्थात दलमचं ओझं आणि पायदळाचं ओझं एक नव्हे. ८१ मिलिमीटरची मॉर्टर (उखळी तोफ) चाळीस किलोच्या घरात जाते. नळी, दुपाय, पाट वाटून घेतले तरी आपला पिठ्ठू, रायफल आणि वर बाँब असतातच.

अमेरिकेच्या मरीन कोअरनं २०१५ मध्ये हे मोजून पाहिलं. १३४ कामांपैकी ९३ कामांत फक्त पुरुषांच्या तुकड्या मिश्र तुकड्यांपेक्षा सरस ठरल्या. त्याच वर्षअखेर तिथल्या सरकारनं सगळी लढाऊ कामं बायकांना खुली केली, ब्रिटननं २०१८ मध्ये. दोन्ही माहिती खऱ्या आहेत. पुतळा पाहिलेल्या माणसाला त्यात विसंगती वाटत नाही: सरासरी वेगळी, आणि समोर उभी असलेली एक पोरगी वेगळी. कामागणिक एकच चाचणी ठेवा, वजन तेच, अंतर तेच. बायका कमी पास होतील, हे आधीच मान्य करा.

बाईचं दुखणं खरं बघायचं तर रक्तात बघा. आमच्याकडे हिमोग्लोबिन ९-१० घेऊन पोरी धावायला येतात आणि घरचे म्हणतात दम नाही. शिवाय विदर्भात सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. ग्रामीण रुग्णालयात सोल्युबिलिटी चाचणी होते, ती पॉझिटिव्ह आली की पुढची तपासणी करून एएस (नुसता वाहक) की एसएस (आजार असलेला) ते कळतं. एसएसला हा व्यायाम नाहीच. एएसवाल्याला वाहक म्हणून सोडून देतात, पण उन्हात, पाणी न पिता, अचानक जीव तोडून धावलं तर तोही कोसळू शकतो. पोरगा असो की पोरगी, रिपोर्ट पाहिल्याशिवाय पिठ्ठू देत नाही. भरतीच्या नादात हा कागद मागणारे उस्ताद फार थोडे.

आता पोरीही बारवर. आधी नुसतं लटकणं, १० सेकंदांपासून ४५ पर्यंत. मग विटांवर चढून हनुवटी बारच्या वर न्यायची आणि पाच मोजत खाली यायचं. मग स्कूटरची जुनी ट्यूब बारला बांधून त्यात गुडघा. पकडीसाठी दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या. पहिला पूर्ण पुल-अप यायला पोरीला चार-सहा महिने लागतात, तीन महिन्यांच्या बॅचमध्ये तो बसत नाही.

मागच्या आठवड्यात एका पोरीचे वडील आले. "भरतीत जे नाई ते पोरीले कायले करायले लावता जी, सर?" सोयाबीन विकून फी भरणाऱ्या माणसाचा हा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही, कारण त्यांना फॉर्मातला रकाना दिसतो. म्हणून बारचे महिने वाढले तरी त्याची फी वेगळी लावलेली नाही.